खरी नक्कल

गेली बावीस वर्षं मी रोज सरासरी चाळीस वेळा खोटं बोलतो आणि महिनाअखेरीस त्याचा पगार घेतो. गैरसमज नको. मी वकील नाही, पुढारी तर नाहीच नाही. साकोलीच्या एका बँकेत साधा कारकून आहे. एकोडीहून रोज फटफटीनं जातो, संध्याकाळी परत येतो. माझ्या टेबलावर एक रबरी शिक्का आहे : 'मूळ प्रत पाहिली व पडताळली.' समोरचा माणूस काचेखालून झेरॉक्सचा गठ्ठा सरकवतो, मी त्यावर धाडधाड शिक्के उमटवतो आणि वर सहीचं शेपूट ओढतो. मूळ प्रत त्या वेळी घरच्या पेटीत असते, नाहीतर सासरी असते, नाहीतर उंदरानं खाल्लेली असते.

नोकरीला लागलो तेव्हा मी मूळ प्रत मागत असे. नव्या सुनेचा उत्साह, दुसरं काय! आठवडाभरातच रांगेतला दहावा माणूस खोकू लागला. मग पाचवा खोकू लागला. मग केबिनमधून साहेब खोकले. त्या दिवसापासून मी मूळ प्रत मनःचक्षूंनी पाहू लागलो. मी शिक्का मारलाय म्हणून साहेब सही करतात, आणि साहेब सही करणारच आहेत म्हणून मी शिक्का मारतो. शाखेचं काम कसं सुरळीत चाललं आहे!

हे शिक्कापुराण लावायचं कारण माझा पुतण्या. तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. 'होता' एवढ्यासाठी की त्याचं ते वर्ष नुकतंच संपलं, आणि ते कसं संपलं हेच सांगायचं आहे.

आता इंजिनिअर या प्राण्याविषयी दोन शब्द. १८५४ साली पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला, तेव्हापासून हा प्राणी महाराष्ट्रात आहे. पण फार काळ तो दुर्मीळ होता. आमच्या पूर्व विदर्भातल्या पोरानं इंजिनिअर व्हायचं म्हटलं की १९६० साली निघालेलं नागपूरचं विश्वेश्वरय्या कॉलेज डोळ्यांपुढे यायचं, आणि त्या कॉलेजच्या डोळ्यांपुढे आमचं पोर सहसा यायचं नाही. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित खासगी कॉलेजांना परवानगी दिली आणि मग मात्र रोवणीच्या दिवसांत बेडूक निघावेत तसे इंजिनिअर निघू लागले. मी बी.कॉम. आहे हे एके काळी मान वर करून सांगत असे. आज आमच्या शाखेत कारकून तीन, त्यातले दोघं इंजिनिअर. एक मेकॅनिकल आहे. पासबुक छापायचं यंत्र अडकलं की तो त्याच्या कुशीत नेमकी चापट मारतो आणि ते चालू होतं. चार वर्षांच्या शिक्षणाचा थेट उपयोग एवढाच, असं तोच म्हणतो. दुसरा सिव्हिल. तो नाण्यांच्या थप्प्या अशा रचतो की कलत्या टेबलावरही ढळत नाहीत.

हे सगळं डोळ्यांनी दिसत असूनही पुतण्याला बारावीत बरे मार्क पडताच त्याला इंजिनिअर करायचं ठरलं. कोणी ठरवलं? कोणीच नाही. दिवाळीनंतरच्या मंडईत जो तो पाहुणा दादाला विचारू लागला, "मग काय, इंजिनिअरिंग?" आणि दादा "हो जी" म्हणू लागला. तीनचार गावच्या मंडया होईपर्यंत निर्णय पक्का झाला होता. पोराला कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. मी काका आहे, मीही विचारलं नाही. मी कर्जाचा अर्ज भरत होतो.

कर्ज चार लाखांचं. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला हल्ली तारण लागत नाही आणि तिऱ्हाईत जामीनही लागत नाही. त्यासाठी २०१५ पासून सरकारची हमी योजना आहे. कर्जदार म्हणून पुतण्या आणि त्याच्यासोबत दादा, एवढ्या दोन सह्या पुरल्या. पण जो काका रोज दहा ते पाच त्याच शाखेत बसतो तो कागदावरच्या जामिनापेक्षा पक्का जामीन, हे साहेबांना कळत होतं. "तुमचाच ना पोरगा?" ते म्हणाले. मी "हो" म्हणालो. त्या 'हो'ला स्टॅम्पपेपर लागला नाही, पण त्याचं वजन मला चार वर्षं जाणवत राहिलं. शिक्षण संपल्यावर एक वर्षाची सूट आणि मग हप्ते.

असो. गेल्या एप्रिलात पुतण्या तीन दिवसांसाठी घरी आला तो एक खोका घेऊन. खोक्यात शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता. स्वयंचलित सिंचन! हिरवी पाटी, तिच्यावर लाल दिवा, एक छोटा पडदा, आणि वायरीच्या टोकाला दोन सुया. सुया मातीत खुपसायच्या. माती कोरडी झाली की पंप आपोआप चालू, ओली झाली की आपोआप बंद. माझी आई त्या दिव्याकडे पाहून हात जोडणार होती, वहिनीनं थांबवलं.

दादाचा चेहरा मात्र मी कधी विसरणार नाही. पंपाची लाईन आमच्याकडे बहुतेक रात्रीच येते. कधी बाराला, कधी दोनला. उन्हाळी धान लावायचा म्हणजे माणसानं बॅटरी आणि काठी घेऊन अर्ध्या रात्री बांधीवर जायचं, पंप टाकायचा आणि पाणी भरेपर्यंत सापाविंचवांच्या सोबतीनं बसायचं. दादा हे कित्येक उन्हाळे करतो आहे. त्यानं यंत्राची सगळी हकीकत ऐकली, पोराच्या पाठीवर हात ठेवला आणि त्या रात्री चक्क अंथरूण घालून झोपला. दुसऱ्या रात्रीही झोपला. चार लाख वसूल झाल्यासारखा घोरत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं बांधीवर गेलो. धान निसवायला आलेला. अशा वेळी बांधीत चार बोटं पाणी उभं पाहिजे. बांधीत चिखल होता, पाणी नव्हतं. यंत्राचा दिवा इमानानं सांगत होता : माती ओली आहे. खरंच होतं ते. चिखल ओलाच असतो. सुयांना चिखल कळत होता. धानाला पाणी उभं लागतं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. ते यंत्र कुठल्या तरी बागेतल्या कुंडीसाठी बनलं होतं.

दादा रागावेल म्हणून मी श्वास रोखून होतो. तो वाकला, सुया उपटल्या, लुगड्याच्या चिंधीनं पुसून पोराच्या हातात दिल्या. म्हणाला, "दोन रात्री झोप मात्र मस्त लागली बाबू." आणि पंप टाकायला गेला.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी पुतण्या मला तलावाच्या पारीवर घेऊन गेला. (पार म्हणजे तलावाचा बांध. पुण्यामुंबईचे वाचक वडाचा पार समजतील म्हणून खुलासा.) बराच वेळ तो पाण्यात खडे टाकत बसला. मग म्हणाला, "काका, प्रोजेक्ट आम्ही केलेला नाही. नागपूरहून विकत आणला. आठ हजारांना. चौघांत दोन दोन हजार. सोबत छापलेला रिपोर्ट मिळतो, तोंडी परीक्षेची प्रश्नोत्तरं फुकट."

मला प्रथम काय आठवलं सांगू? ती पावती. प्रोजेक्टचा खर्च शैक्षणिक कर्जात बसतो. दोन हजारांची 'इलेक्ट्रॉनिक साहित्य' अशी पावती माझ्याच टेबलावर आली होती आणि तिच्यावर मी माझ्या हातानं 'मूळ प्रत पाहिली व पडताळली' असा शिक्का मारला होता. जोरात मारला होता. घरचं काम ना!

"सगळेच असं करतात?" मी विचारलं.

मग तो बोलू लागला आणि बोलतच राहिला. पहिल्या वर्षी ड्रॉइंगच्या शीट असतात. काचेखाली दिवा लावायचा, काचेवर सीनियरची शीट, तिच्यावर आपला कोरा कागद, आणि गिरवायचं. सीनियरनं ती त्याच्या सीनियरवरून उतरवलेली. "काका, आमच्या होस्टेलात एक शीट आहे. तिच्यातला एक नट थोडा वाकडा आहे. सगळ्या बॅचेसच्या शीटवर तो नट तसाच वाकडा येतो. पहिल्यांदा वाकडा कोणी काढला, कोणालाच माहीत नाही." दुसऱ्या वर्षी प्रयोगवह्या. आधी उत्तर लिहायचं, मग त्याला जुळतील अशी मापं. पंचाहत्तर टक्के हजेरी पाहिजे म्हणून एकानं चौघांच्या नावाला 'हजर' म्हणायचं. "सरांना आवाज ओळखू येतो काका. पण सरही कधी तोच नट काढून पास झालेले असतील. ते मान खाली घालून पुढचं नाव घेतात." तिसऱ्या वर्षापासून अर्धा वर्ग एमपीएससीचं नाहीतर बँकेचं पुस्तक लपवून वाचतो. आणि गावात आलं की लोक विचारतात, पॅकेज किती? "काय येतं, असं एकानंही विचारलं नाही. बाबांनी यंत्र बांधीत लावलं ना, ती माझी चार वर्षांतली पहिली परीक्षा. तिच्यात मी नापास झालो."

मी काही बोललो नाही. तो म्हणाला, "पंधरा दिवसांनी तोंडी परीक्षा आहे. बाहेरचे परीक्षक येतील. मी खरं सांगणार आहे."

इथं वाचकांची अपेक्षा असणार की मी त्याला मिठी मारली. वाचकहो, मी बँकेत आहे. माझ्या पोटात गोळा आला. मी त्याला व्यवहार समजावला. म्हटलं, तू एकटा नाहीस, चौघं आहात. तुझ्या सत्यानं त्या तिघांची वर्षं बुडतील. म्हटलं, दादाचं वय झालं. म्हटलं, आठ हजारांच्या खोक्यासाठी कोणी चार लाखांचं शिक्षण पणाला लावत नाही. आधी पास हो, नोकरी लागू दे, मग काय ती नीती सवडीनं कर. मी इतकं अस्खलित बोलत होतो की मलाच कौतुक वाटलं.

त्यानं ऐकून घेतलं. मग विचारलं, "काका, हे तुम्ही काका म्हणून सांगून राहिले की जामीन म्हणून?"

कॅशमध्ये दहा रुपये जास्त आले तर ते परत करायला मी एकदा भर उन्हात माणसाच्या मागं बसस्टँडपर्यंत धावलो होतो. तो मीच. त्या रात्री मला झोप आली नाही. बाहेर दादाची बॅटरी बांधीकडे जाताना दिसली आणि मी पडल्या पडल्या विचार करू लागलो. विचार करायची सवय नसल्यामुळे डोकं दुखलं, पण केला.

नक्कल वाईट म्हणावी, तर अक्षर आपण कशावरून शिकलो? गुरुजींनी पाटीवर काढलेल्या 'अ'वरून पेन्सिल फिरवून. दंडारीतली पोरं जुन्या नाचणाऱ्यांची नक्कल करतच तयार होतात. गिरवणं पाप असेल तर शाळेतली पहिलीच बंद करावी लागेल. मग पुतण्याची शीट कुठं चुकली? तीही गिरवलेलीच. फरक इतकाच की पाटीवर गिरवताना हात तयार होतो आणि कधीतरी गुरुजींचं अक्षर पुसून आपलं उमटतं; काचेवर गिरवताना हात वाकड्या नटाला सरळ करायचीसुद्धा तसदी घेत नाही. आणि मुख्य म्हणजे पाटीखाली कोणी प्रमाणपत्र जोडत नाही. प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर मात्र छापलेलं असतं की हे काम या विद्यार्थ्यांनी स्वतः केलं आहे. खाली मार्गदर्शकांची सही, वर विभागप्रमुखांची, त्याच्यावर प्राचार्यांची. प्रत्येकाची सही खालच्याची सही बघून झालेली. मला हे सगळं ओळखीचं वाटू लागलं. इतकं ओळखीचं की मी कूस बदलली.

तेव्हा ती पार आठवली. आमच्या भंडारा-गोंदियात हे जुने तलाव हजारांनी आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी त्यातले कितीतरी बांधले. नवेगावबांधचा प्रचंड तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. यातल्या कोणाकडे पदवी नव्हती. जमिनीचा उतार पाहायचा, दोन टेकड्या मातीनं जोडायच्या, जास्तीचं पाणी जायला सलंग आणि शेतात सोडायला तुडुम ठेवायचं. पुढे मालगुजारी आली, १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले. पुष्कळ गाळानं भरले, पण पुष्कळ अजून धानाला पाणी देतात. हे लोक आपल्यापेक्षा थोर होते, पुण्यवान होते, असं मला म्हणायचं नाही. गोष्ट साधी होती. ज्यानं तलाव बांधला त्याला त्याखालच्या जमिनीचा हक्क मिळे. पार झिरपली तर पहिला धान त्याचाच बुडायचा. त्याला शिक्क्याची गरजच नव्हती.

आणि याच महाराष्ट्रात २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. खालच्या वस्तीतली झोपलेली माणसं वाहून गेली. तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी सांगितलं की धरण खेकड्यांनी पोखरलं. मला खेकड्यांची वकिली करायची नाही. पण आमच्या पारीतही खेकडे आहेत, कोहळ्यांच्या काळापासून आहेत, पावसाळ्यात आम्ही ते खातो. त्या धरणाच्या कागदांवर कोणाकोणाच्या सह्या असतील याचा मी विचार करू लागलो आणि त्यात मला एक माणूस दिसला. तो वाईट नव्हता. घरी त्याची आई होती, पुतण्या होता. तो कॅशमधले दहा रुपये परत करणारा होता. रांग लांब होती म्हणून त्यानं एवढंच म्हटलं होतं : पाहिलं, पडताळलं.

सकाळी पुतण्याला म्हणालो, "काल जामीन बोलत होता." तो हसला. "आणि काका काय म्हणतो?" मी म्हटलं, "काकाला अजून काही सुचलेलं नाही. तू जा, बस निघेल."

पुढचं फोनवर कळलं. त्यानं बाकीच्या तिघांना सांगितलं. त्यातले दोघं भांडून भांडून तयार झाले. तिसरा म्हणाला, तुझ्या बापाच्या धानाशी मला काय देणं? त्याचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याच्या घरी धाकट्या बहिणीचं लग्न ठरलेलं होतं. मग या तिघांनी यंत्र खोललं. सुया काढल्या आणि हार्डवेअरच्या दुकानातून पाण्याच्या टाकीत असतो तो प्लॅस्टिकचा चेंडू आणला. पाणी चार बोटं उतरलं की चेंडू खाली, पंप चालू. पाणी चढलं की चेंडू वर, पंप बंद. विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली खडकवासल्याला असेच पाण्याच्या पातळीवर आपोआप उघडणारे दरवाजे बसवले होते, हे त्याला म्हणे त्या आठवड्यात कळलं. दर १५ सप्टेंबरला कॉलेजात त्यांच्या फोटोला हार घालतात. फोटोतल्या माणसानं केलं काय, हे चार वर्षांत विचारायचं राहून गेलं होतं.

रिपोर्टच्या पहिल्या पानावर त्यांनी एक ओळ वाढवली : मूळ यंत्र बाजारातून विकत घेतले असून ते धानास का चालत नाही याचा शोध आम्ही घेतला. मार्गदर्शक भडकले. असल्या गोष्टी छापायच्या असतात का? तिसऱ्या मुलानं त्या पानावर सहीच केली नाही. तो वेगळा उभा राहिला.

परीक्षकांनी पहिली ओळ वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "केवढ्याला?"

"आठ हजार, सर."

"महाग पडला," परीक्षक म्हणाले. "आधीच्या कॉलेजात हाच साडेसहाला मिळालाय." मग त्यांनी त्या चेंडूबद्दल पाऊण तास प्रश्न विचारले. धानाला किती पाणी, कोणत्या दिवसांत, लाईन किती वाजता येते. पुतण्या म्हणतो, चार वर्षांत इतकं कोणी विचारलं नव्हतं. मार्क बेताचे पडले. तिसऱ्याला, ज्यानं प्रश्नोत्तरं पाठ केली होती, त्याला यांच्यापेक्षा पाच जास्त. तो अजून बोलत नाही.

त्या बांधीत पोचट जास्त निघालं. बाकीचं शेत बरं झालं. चेंडूचं यंत्र आता लावलेलं आहे आणि चालतंही. पण दादा अजून रात्री उठतो. पूर्वी पंप टाकायला जायचा, आता चेंडू जागा आहे की नाही ते बघायला जातो. पुतण्याला नोकरी नाही. तो बँकेच्या परीक्षेचा अर्ज भरतो आहे, कारकुनाच्या. मी काही बोलत नाही. सुटीच्या वर्षातले दहा महिने उरलेत.

परवा सोमवारी एक ओळखीचे पाटील झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन आले. मी शिक्का उचलला, शाईच्या गादीवर टेकवला, आणि का कोण जाणे, हात तिथंच राहिला. म्हटलं, "शाळा सोडल्याचा मूळ दाखला दाखवा."

"मूळ?" ते माझ्याकडे तब्येत विचारावी तसे पाहू लागले. "इतक्या वर्षांत कधी मागितला नाही जी!"

"आज मागतो."

रांगेतला दहावा माणूस खोकला. मी ऐकलं नाही. पाचवा खोकला. केबिनमधली खुर्ची करकरली. पाटील पुटपुटत गेले, फटफटीवरून घरी जाऊन तासाभरानं घामाघूम परत आले आणि त्यांनी प्लॅस्टिकमध्ये मढवलेला एक कागद माझ्यापुढे ठेवला. मी तो उजेडाकडे धरून पाहिला, उलटून पाहिला.

"पाटील, ही पण झेरॉक्सच आहे."

"हाच मूळ आहे जी," ते म्हणाले. "आमच्या घरातली सगळ्यात जुनी झेरॉक्स."